शेवटचा जिना आणि टेबलफॅन

अन्याय माझ्या मोठ्या बहिणीवर झाला. त्र्याण्णव सालच्या जूनमधल्या एका रविवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, ठाकुर्लीच्या आमच्या दीड खोलीत. करणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगते.

गेम साधाच होता. हातात चाबूक घेतलेला एक माणूस भुताटकीच्या किल्ल्यात शिरतो, मेणबत्त्या फोडतो, जिने चढतो. अगदी वर रक्त पिणारा म्हातारा शवपेटीत बसलेला. डोंबिवलीच्या पार्लरमध्ये याचंच मोठं मशीन होतं. मुलींना बंदी अशी पाटी तिथे नव्हती. गरजच नव्हती, दारातली पोरं पुरेशी होती. मग तो गेम घरच्या टीव्हीला जोडायच्या कॅसेटवर आला आणि कल्याणच्या मावसभावाने खेळायच्या डब्यासकट आठवडाभरासाठी आम्हाला दिला. त्या रविवारी संध्याकाळी तो न्यायला येणार होता.

ताई सकाळी सातला बसली. उडणारी मुंडकी पाठीवर आदळून चाबूकवाला खड्ड्यात पडायचा, ती परत चढवायची. दुपारी तीनला पहिल्यांदाच शेवटचा जिना दिसला.

"आज संपणार, ताई?"

"संपला ना, तर बाबांना तोंडावर सांगते. लग्न नाही करायचं. डिप्लोमाचा फॉर्म भरायचाय." फॉर्मची मुदत सोमवारी संपत होती.

"आणि नाही संपला तर?"

"तर काय. पोहे."

हसू नका. अठरा वर्षांच्या मुलीला बापासमोर उभं राहायला कुठून तरी बळ आणावं लागतं. कुणी नवस बोलतं, हिने हे धरलं.

पाहुणे ठरल्या वेळेआधीच टपकले. मुलगा मोहने गावातल्या कारखान्यात पर्मनंट, सोबत आई आणि काका. ताईने पॉज दाबलं, टीव्हीचं शटर ओढलं आणि आत जाताना माझ्या कानात म्हणाली, "लक्ष ठेव."

छताचा पंखा दोन दिवस बंद होता. काका रुमालाने मान पुसत म्हणाले, "ठाकुर्लीत हवा येत नाही का हो?"

बाबा ओशाळले. मला म्हणाले, "अगं, बघतेस काय, टेबलफॅन लाव."

बोर्डावर दोनच सॉकेट. एकात टीव्ही, दुसऱ्यात गेम. टीव्हीच्या प्लगला हात लावायचा नाही, हा बाबांचा कायदा. आणि पॉज केलेलं तसंच राहतं, असं मला वाटलेलं. मी गेमचा काढला.

शटरमागे टीव्ही खरखरला. काका म्हणाले, "चालू राहिलाय वाटतं."

ताई पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने पंखा पाहिला, बोर्ड पाहिला, मला पाहिलं. मग वाकून आधी काकांना बशी दिली.

टीव्हीचा प्लग काढला असता तर काहीच बिघडलं नसतं. पडदा काळा झाला असता, पण आत चाबूकवाला जिन्यावर तसाच थांबला असता. हे मला नंतर कळलं.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "परत खेळ ना."

"साडेसहाला गेम न्यायला येतोय तो," ती म्हणाली आणि गेमच्या रिमोटच्या वायरी गुंडाळायला लागली.

बाबा खुशीत होते. "पसंत आहेस त्यांना. तुझं काय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. फॉर्म कपाटात माझ्याच दप्तराखाली होता. मी बोलू शकले असते. अकरा वर्षांची असले तरी तोंड होतं मला.

"तुम्ही ठरवाल ते," ती म्हणाली.

आज ती मोहन्याला असते. मी पत्रकं वाटते, मोर्च्यात घसा कोरडा करते, आणि त्या दुपारच्या गप्प बसण्याची भरपाई अजून झालेली नाही. होणारही नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरात कुणी मुलगी "एवढं संपवून येते" म्हणाली, तर पाहुण्यांना घामात बसू द्या. प्लगला हात लावू नका. आणि तिचा फॉर्म कुठल्या कपाटात आहे, मुदत कधी संपते, ते हे वाचून झाल्यावर लगेच उठून तिला विचारा.