जामाच्या झाडाचं बाळंतपण

वहिनी गेल्याचं कळलं तेव्हा मी पालघरच्या छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ वाचत होतो. बोईसरहून दादाचे शेजारी आले, दारातच थांबले, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "सकाळी गेल्या..." कावीळ झाली होती हे ठाऊक होतं. उतरते आहे, असंही दादानं कळवलं होतं. मी हातातली ओळ शेवटपर्यंत वाचली. का वाचली, ते सांगता येत नाही. कसली तरी मागणी होती आणि "त्वरित" शब्द चुकीचा जुळवला होता.

सुमनवहिनी परभणीकडची, आम्हीही तिकडचेच. दादाला तारापूरच्या बांधकामावर फिटरचं काम लागलं आणि ती बोईसरला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायला आली. पुढे जेमतेम अंगण, त्यात रेती आणि खार. शेजारणी म्हणाल्या, इथं काही उगवत नाही. वहिनी म्हणाली, "मग वाटेवरच्या वाड्यांत कसं उगवतं? जाऊन बघायला पाहिजे." त्या दिवसापासून दर रविवारी ती बागा बघायला निघू लागली. दादा आठवड्याची झोप रविवारी काढायचा, म्हणून सोबतीला मी. कुठल्याही फाटकाची कडी वाजवून ती सांगायची, "बाग बघायला आलोय." लोक आधी चकित व्हायचे, मग खुर्ची आणायचे.

मी त्या काळात फार कडक माणूस होतो, म्हणजे अजूनही आहे. वडिलांनी आणलेल्या पत्रकांवर मी अक्षरं शिकलो. "ग" गणपतीचा की गवताचा, ते मला माहीत नव्हतं, आमच्या घरी तो गुलामगिरीचा होता. शिरगावला किल्ल्याच्या अलीकडे मुंबईच्या एका शेठचा जुना बंगला होता. सुरूची रांग, कारंजं, व्हरांडाभर क्रोटनच्या कुंड्या. मी फाटकातच अडलो. म्हटलं, या बागेला वेठबिगारीचं पाणी घातलेलं आहे, मी आत पाऊल टाकणार नाही.

"बरं," वहिनी म्हणाली. "तुम्ही इथं बहिष्कार घाला, भाऊजी. मी आत जाऊन येते."

बऱ्याच वेळानं आली ती छत्रीत मोगऱ्याच्या काड्या आणि हातात कोकम सरबताचा पेला घेऊन. "माळ्यानं दिलंय, शेठनं नाही. तत्त्वात बसतं का बघा, नाहीतर मी पिते." मी प्यालो. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "वेठीचं पाणी खरंच होतं हो. माळ्याच्या बापानं विहिरीपासून कावडीनं वाहिलंय, त्यानंच सांगितलं. तुम्ही आत आला असता तर तुम्हालाही सांगितलं असतं."

मग पालघरच्या नर्सरीत भांडण झालं. वहिनीनं जांबाचं रोप मागितलं. आमच्याकडे जांब म्हणजे पेरू. नर्सरीवाला म्हणाला, जाम नाही माझ्याकडे. वहिनीनं बोट दाखवलं: "हे समोर काय उभं आहे?" "तो पेरू." "तेच मागतेय मी." "मग पेरू म्हणा ना, बाई. जाम वेगळा." मीही उसळलो, एका जिल्ह्याची बोली दुसऱ्यावर लादण्याबद्दल बरंच बोललो. माणूस शांतपणे म्हणाला, "पाम गावाच्या वाटेवर हिराबायची वाडी आहे. जाऊन जाम खा, मग भांडायला या."

आम्ही गेलो. जुनं, लांबरुंद घर होतं. भिंतीच्या जाडीत माणूस आडवा झोपेल एवढे कोनाडे, सागाचे खांब, मागं पाटाच्या पाण्यावरची वाडी. विहिरीशेजारी ते झाड. हिराबाय पन्नाशीची, धिप्पाड. तिनं मेणासारखी पांढरी फळं वहिनीच्या ओंजळीत टाकली. "पेरू नाय, बाय. जाम हाय." वहिनीनं चावा घेतला, विचार केला. "यात देव साखर घालायची विसरला की."

"उन्हात काम करून ये, मंग खा. गोड लागल." मग हिराबाय म्हणाली, "खाऊन घे. पुढल्या साली नाय मिळायचं." नवा रस्ता त्या घरावरून जाणार होता. तिला दुसरीकडे जागा मिळाली होती, पण झाड उचलून नेता येत नव्हतं. "माजी सासू गेली तवा कोन रडलं नाय इतकी मी ह्या झाडासाटी रडले," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

वहिनी नर्सरीवाल्याकडे परत गेली, भांडायला नव्हे. गुटी बांधायला शिकून आली. फांदीची साल अंगठीएवढी सोलायची, तिथं शेणमाती लावून गोणपाट गुंडाळायचं, ओल ठेवायची. फांदी झाडावरच असते आणि तिला मुळं फुटतात. पाऊस धरल्यावर तिनं सात-आठ गुट्या बांधल्या. मुळं सुटायच्या आधीच मुकादम कुऱ्हाडवाले घेऊन आला.

मी तीन पानी अर्ज लिहून नेला होता. मुकादमानं तो उलटा धरला, सरळ केला आणि परत दिला. "साहब को देना." वहिनी झाडाला पाठ लावून उभी राहिली. तिचं हिंदी भयंकर होतं.

"ये बाळंतीण है. सवा महिना हात नहीं लगाने का."

"बाई, झाड है, औरत थोड़ी है."

"पोट से है. ये देखो, बांध्या हुवा है. तुम्हारे गाँव में बाळंतीण को घर से निकालते क्या?"

कुऱ्हाडवाले हसायला लागले. मुकादमानं गुट्यांकडे पाहिलं, विडी पेटवली. "चलो, उधर से शुरू करो." झाड नारळी पौर्णिमेपर्यंत उभं राहिलं. घर मात्र पडलं... परतताना मी चिडून म्हणालो, "झाड वाचवून काय झालं? घर गेलंच." ती म्हणाली, "घर वाचवायचं काम तुमचं, भाऊजी. मला झाडाचंच जमतं." तो रस्ता कुणासाठी आणि घर कुणाचं, हा प्रश्न मी अजून सोडलेला नाही. सोडणारही नाही.

हिराबायच्या नव्या अंगणात चार जाम लागले, बोईसरच्या खारात एक. नर्सरीतली माती गाडीतून आणून वहिनीनं तो जगवला. यंदा आषाढात तिनं त्याच्यावर एक गुटी बांधली आणि मला म्हणाली, "ही तुमची." मी म्हणालो, माझी खोली भाड्याची आहे, मालकीची वस्तू मला नको. "झाड काय सातबारा मागतं का?" ती म्हणाली. नंतर ती आजारी पडली.

गेल्या आठवड्यात हिराबाय अळूची जुडी घेऊन आली. दादाजवळ बसली, मग उठून झाडापाशी गेली आणि गुटी चाचपली. "सवा महिना कवाच झाला. सोडवा तिला." दादानं कोयता घेतला आणि ठेवून दिला. मग मीच फांदी कापली.

छापखान्यामागे नळाचं पाणी साठतं, तिथं खड्डा केला आहे. गोणपाटावर वहिनीनं जुन्या लुगड्याची निळी चिंधी बांधलेली होती. लावण्याआधी ती सोडायची असते म्हणून सोडायला गेलो. बारीक पांढरी मुळं तिच्यातून आरपार गेली होती. ओढली असती तर तुटली असती. चिंधीसकट लावलं.