रिकाम्या गोठ्याचं सारवण

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला, आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीत डोकं घालून उभा होतो. टाकी धुण्याचं काम मी मोठ्या उत्साहानं काढतो आणि अर्ध्यात सोडतो, त्यावर घरात माझी चेष्टा होते. बायकोनं खालून हाक मारली, "अहो, देवणीहून रमेशभाऊंचा फोन आलाय..." रमेश माझा मामेभाऊ, आणि तो दुपारी कधी फोन करत नाही. मी टाकीतूनच "आलो" म्हणालो, तर माझाच आवाज घुमून भलत्याच माणसाचा वाटला. आता महिना होऊन गेला. पण मामांची आठवण निघाली की आधी तो आवाज कानात येतो आणि त्याच्या मागोमाग त्यांचा गोठा डोळ्यांपुढे उभा राहतो.

तो गोठा मामांनी बांधला दुष्काळात. लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. मामा म्हणायचे, "जिल्हा नवा आला भाचेराव, पाऊस जुन्याच जिल्ह्यात ऱ्हायला." त्यांच्याकडे कवडी नावाची गाय होती, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली, अस्सल देवणी. कडबा संपला तेव्हा मामांनी जुन्या गोठ्याच्या छपराचं गवत उपसून तिला घातलं. पेंढीपेंढीनं सगळं छप्पर गेलं, मग भिंतींच्या कुडाच्या तुराट्या गेल्या. कवडीनं आपलं घर आपणच खाल्लं. शेवटी नुसत्या उघड्या मेढी, लाकडी खांब तेवढे उरले, तेव्हा मामा तिला पायी, मुक्काम करत करत, मामींच्या माहेरी उमरीला सोडून आले. तिकडं गोदावरीच्या अंगाला अजून हिरवं होतं. आणि परत आल्यावर त्यांनी काय करावं, तर नवा गोठा बांधायला घेतला. गावात लोक असलेले गोठे मोडून लाकूड विकत होते, आणि हा माणूस गाय नसताना गोठा बांधत होता.

"ती येईल तवा उभी कुठं ऱ्हाईल?" एवढंच ते म्हणायचे. त्यांच्या मनानं घेतलं होतं की जागा पुरी झाली की ती येईल, अपुरी राहिली की येणार नाही. मी तेव्हा नांदेडला नुकताच नोकरीला लागलो होतो आणि रजा काढून मदतीला गेलो होतो. मदत म्हणजे काय, तर बांधावर वाळून गेलेल्या बाभळींच्या मेढी खड्ड्यात उभ्या करायच्या आणि मामा दगड ठासेपर्यंत सरळ धरायच्या. मी धरलेली मेढ आजही ओळखू येते, ती एकटीच वाकडी आहे. वर पत्रे चढले, कूड उभा राहिला, मग तो लिंपायचं निघालं. मामींनी डोक्याला हात लावला. "माणसाच्या अंगाला पानी न्हाई, अन् ह्यांच्या भिंतीला आंघोळ!" तरी भांडी धुतलेलं पाणी त्या रोज भिंतीसाठी राखून ठेवत. गव्हाण झाली, खुंटा ठोकला, खाली मुरूम पसरून चोपला. आता फक्त सारवण राहिलं होतं, आणि तिथंच काम अडलं.

मामांच्या घराण्यात एक रीत होती. ज्या जनावराचं ठाण, त्याच्याच शेणानं त्याचं पहिलं सारवण. दुसऱ्याचं शेण लागलं की जनावर त्या जागेला परकं होतं, म्हणे. शेजारच्या शेवंताबाईंनी पाटी भरून शेण देऊ केलं, तर मामांनी ते हात जोडून परत केलं. रजा संपवून मी निघालो तेव्हा त्यांनी माझ्या हातात तेलाचा रिकामा डबा दिला. "पुढच्या सुट्टीत येताना उमरीवरनं या. कवडीचं शेण आना." मी बी.कॉम. झालेला माणूस. पण मामाला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

उमरीला मी सकाळी पोचलो. मामींच्या भावजयीनं, म्हणजे उमरीच्या काकूंनी, मला ओसरीवरच बसवलं. गाय बघतो म्हणालो तर म्हणाल्या, "नदीकडं नेली हाय... तुम्ही च्या घ्या." परसातून त्यांनी डबा भरून आणला, वरून फडकं बांधलं. निघताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, माझ्या जाण्यानंच. आपण माणसांना एवढे हवेसे आहोत या विचारात मी नांदेडच्या पॅसेंजरमध्ये चढलो. डबा मांडीवर होता. तो ऊन लागत होता... नांदेडला उदगीरच्या एसटीत बसलो तरी ऊनच. कंडक्टरनं नाक उडवलं, "काय हाय पाव्हनं?" मी म्हणालो, "प्रसाद." त्यानं पुढं काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा स्वतः सारवायला बसले. गडीमाणसानं सारवणं म्हणजे तिकडं हसण्याची बाब, मामीही हसल्या. पण मामा गव्हाणीपासून दारापर्यंत मागं मागं सरत आले, आणि तळहात फिरवताना त्यांच्या बोटांची कमान उमटत गेली, एकीला एक लागून, खवल्यांसारखी. दाराला तुराट्यांचं झापं लावलं आणि आम्ही तिघं त्याच्याच समोर लिंबाखाली भाकरी खायला बसलो. टळटळीत दुपार होती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. वाळलं का बघायला मामांनी झापं उघडलं आणि ते तिथंच थांबले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. सगळी जमीन ओली, अखंड होती. फक्त गव्हाणीपुढं दोन खूर उमटले होते. पुढच्या पायांचे. चांगले रुतलेले, भार टाकून उभं राहिल्यासारखे. आत येणारं पाऊल नव्हतं, बाहेर जाणारंही नव्हतं.

मामींनी तोंडाला पदर लावला. मी मागं सरकलो आणि सवयीप्रमाणे झाप्याला अडखळून पडलो, पण कुणी हसलं नाही. मामा म्हणाले, "आली."

त्याच्या दुसऱ्या दिवशी मामींचा भाऊ उमरीहून आला. त्याच्या हातात कवडीचं दावं होतं. तो बोलायच्या आधीच मामांनी विचारलं, "कधी?"

"परवा सकाळी, दाजी. ह्ये भाचे यायच्या जरासं आधी. आमच्या हिला सांगवंना... कवडीचंच शेवटचं शेण दिलं डब्यात." मग खाली बघत म्हणाला, "तिकडं पानी व्हतं, चारा व्हता. पर ती खायनाच. तोंड इकडं करून हुबी ऱ्हायची."

मामा रडले नाहीत. त्यांनी दावं घेतलं, गोठ्यात जाऊन खुंट्याला बांधलं आणि झापं ओढून घेतलं. पुढं पाऊस आला, दुसऱ्या गायी आल्या, वासरं झाली. पण ती सगळी गोठ्याच्या दुसऱ्या अंगाला. कवडीच्या जागी कुणी नाही. बाकीचा गोठा मामी सारवत, पुढं सून सारवू लागली. तेवढा तुकडा मात्र मामाच सारवत, त्या दोन खुरांच्या कडेकडेनं, कमानी काढत. इतकी वर्षं होऊनही खूर बुजले नाहीत की झिजले नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "तिचं घर हाय. मी काय, झाडलोट करून राहिलो."

यंदा मी गेलो तो दहाव्याला. जिथं जीव जातो तिथं आमच्याकडे पीठ पसरून वर टोपलं झाकतात, आणि गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते त्यात उमटलेल्या पावलावरून बघतात. सकाळी टोपलं उचललं. पीठ जसंच्या तसं, सपाट. थोरल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. काहीच उमटलं नाही म्हणजे गेला कुठं माणूस? मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. गुडघ्यांनी त्यांना उठवत नाही, खाली वाकणं तर सुटूनच गेलंय. त्यांनी पिठाकडं पाहिलं. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "बापू, गोठ्यात बघून ये."

मी भित्रा माणूस. पण गेलो. गुरं सगळी बाहेर लिंबाखाली होती. मामा गेल्यापासून सुतक होतं, सारवण बंद होतं, आणि गोठ्यातली जमीन जागोजागी पोपडे धरून वाळली होती. मी डोळे अंधाराला सरावू दिले. गव्हाणीपुढं ते दोन खूर होते. आणि त्यांच्या भोवतीनं, तेवढ्याच तुकड्यावर, ताजं सारवण होतं. हिरवं, ओलं, बोटांच्या कमानी काढलेलं... एकीला एक लागून.

परत येऊन मी मामींच्या शेजारी बसलो. त्यांनीच विचारलं, "वलं हाय का वाळलं?"

"ओलं आहे."

त्यांनी डोळे पुसले. मग सुनेला कामाला लावावं तशा आवाजात म्हणाल्या, "मग जा, झापं लावून घे. अन् आत कुनाला पाय ठिवू देऊ नको. वाळू दे."