आभारांच्या वहीत पडलेलं झाकण

तक्रारींची वही गायब होते आणि त्याच खिळ्याला आभारांची वही लटकते, तेव्हा तुम्हाला काहीच वास येत नाही?

शंकाबाईला आला. रुग्णालयाच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत तिला सगळे याच नावाने हाक मारायचे. दूध हुंगल्याशिवाय तापवायची नाही, कोणी गोड बोललं की दोन पावलं मागे सरायची. वाफेच्या इस्त्रीवर तिची अकरा वर्षं गेलेली. चादर पसरायची, पायाने पट्टी दाबायची, की वरचं तापलेलं झाकण खाली येतं.

हल्ली ते न दाबताच येत होतं, असं तिच्या धाकट्या जावेचं म्हणणं. जाऊ त्याच इस्त्रीवर दुपारच्या पाळीला. महिन्यात दोनदा मनगट भाजलं, तिसऱ्यांदा हात सापडला तर बोटं जायची. पण शंकाबाईने तिलाच झापलं होतं, "लक्ष कुठं असतं गं? फोनमध्ये?"

"आईशप्पथ ताई, पाय लावलाच नव्हता मी."

पटलं नाही. घरच्या माणसावर संशय घ्यायला काय लागतं?

मग मन घडवणारे एक सर आले. कडक इस्त्रीचा शर्ट; ती इस्त्री कोणी केली ते त्यांनाही ठाऊक नसणार. "दृष्टी बदला, आयुष्य बदलेल. रोज एक आभार लिहा."

"सर, झाकण आपोआप पडतं म्हणतात, त्याचं काय?" शंकाबाईने विचारलं.

"तक्रार हा मनाचा आजार आहे, ताई. उत्तर स्वतःत शोधा."

दारातले मॅनेजरसाहेब जरा जास्तच घाईने मान डोलावत होते. "आणि जुनी तक्रारींची वही?" शंकाबाईने त्यांना विचारलं.

"भरली ती."

भरली? गेल्या आठवड्यात तिने स्वतः पाहिली होती, अर्धी कोरी! तिच्या मनात पाल चुकचुकली. वही लपवतात, म्हणजे तिच्यात खरं काहीतरी असणार. म्हणजे जाऊसुद्धा खरंच बोलत असेल...

दुसऱ्या दिवशी तिने चादर पसरली, दोन्ही पाय पट्टीपासून हातभर लांब ठेवले आणि वाट पाहिली. चौथ्या मिनिटाला झाकण धाडकन पडलं. एरवी तिचा पाय इतका झटपट पट्टीवर जायचा, की ते आपोआप पडायला वेळच मिळायचा नाही.

घरी जाऊन ती जावेसमोर बसली. "चुकलं माझं. पाय तुझा नव्हता."

"दोनदा भाजल्यावर उजाडलं होय! आता मलम तरी लाव."

सकाळी शंकाबाईने नव्या वहीत लिहिलं: 'काल नऊ वाजून दहा मिनिटांनी झाकण आपोआप पडलं. हात खाली नव्हता, त्याबद्दल आभार.' धुलाईवाले काका वाचून हसले आणि पेन मागून घेतलं. त्यांची बोटं सोमवारी याच झाकणाखालून थोडक्यात वाचली होती. आठवड्यात असे सतरा आभार जमले, सगळे वेळेसकट.

साहेब तापले. "ही काय थट्टा लावलीय?"

"थट्टा कसली? सरांनीच सांगितलं ना, रोज लिहा."

त्यांचा हात पानाकडे गेला. जाऊ मागून म्हणाली, "फाडा की साहेब. पानांचे फोटो सगळ्यांच्या फोनात आहेत. फाडल्याचेही आभार लिहू."

पान फाटलं नाही. तिसऱ्या दिवशी इस्त्री बंद ठेवून मेकॅनिक आला, झिजलेली स्प्रिंग बदलून गेला. तरी शंकाबाई तासभर पाय लांब ठेवून उभी राहिलीच. दूध ती अजून हुंगते. जावेला मात्र झापायच्या आधी विचारते.

तुमच्या कामावर अशी गोड वही लटकली असेल, तर उद्या तिच्यात एक खरी ओळ लिहा, वेळेसकट. आणि तुमच्या घरात कोणी भाजलं असेल, तर आज त्याच्याजवळ बसा, त्याचं म्हणणं आधी ऐका.