आल्गोतचा अडकलेला होकार

आल्गोत कॉफी बशीत ओतून पितो, साखरेचा खडा दातांत धरून. मासे पकडायची दोरी दातांनीच तोडतो. स्वतःच्या रिकाम्या घरात शिरतानाही दार वाजवतो. आणि थंड उत्तरेकडच्या विंडेल नदीकाठच्या सगळ्यांसारखा तोही 'हो' म्हणत नाही. ओठांचा चंबू करून हवा आत ओढतो. श्शुप्! झाला होकार. तोंडाने 'हो' म्हणायचं ते भांडताना.

ऑक्टोबरात त्याची दाढ बिघडली. गार हवा लागली की कळ थेट कानात. श्शुप् बंद झालं. शिकारीला येतोस? नाही. आणखी कॉफी? नाही. गाव चक्रावलं.

अशात एका सकाळी समोरच्या घरातली हेडविग कुंपणाशी आली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"आल्गोत, या हिवाळ्यात दोन घरं कशाला तापवायची? ये की माझ्याकडे राहायला. कायमचा."

या प्रश्नाची तो किती हिवाळे वाट पाहत होता! त्याने हवा आत ओढली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड झालं.

"एवढं तोंड वाकडं करायला मी काय विष पुढे केलंय?"

"हो!" तो कळवळून ओरडला. उत्तर आधीच्या प्रश्नाचं होतं.

हेडविगने दार आपटलं. दुसऱ्या दिवशी कळलं, ती लेकीकडे निघालीय. दूर लुलेओ शहरात. कायमची.

आल्गोतने दातांची डॉक्टर गाठली. तरुण होती, इल्वा नावाची.

"मूळ उपटणार?"

"उपटत नाही. दात आतून पोकळ असतो. त्यात मगज असतो, नस असते. तुमची दाढ तडकलीय, कीड आत शिरलीय. सडलेला मगज बारीक सुयांनी खरवडायचा, पोकळी धुवायची, बुजवायची. याला रूट कॅनाल म्हणतात. दाढ जागच्या जागी राहते."

"म्हणजे घर तेच, भाडेकरू बाहेर."

"अगदी. आणि घरावर नंतर टोपी. ती बसेपर्यंत त्या बाजूने चावायचं नाही."

"दुखेल?"

"बधिर करते. घोरू नका म्हणजे झालं."

दाढेतली कळ गेली. पण बधिर ओठांचा चंबू होईना. तो रात्रभर थांबला आणि उजाडताच हेडविगच्या दारात उभा राहिला. ती खोकी बांधत होती.

"परत विचार," तो म्हणाला.

"काय? विषाचं?"

"त्याच्या आधीचं."

हेडविगने दोरी खाली ठेवली. "येतोस राहायला?"

श्शुप्!

एवढा मोठा, की चुलीजवळचा कुत्रा उठून बसला.

"मग बूट काढ," ती म्हणाली. "आणि खोकी सोडायला लाग."

त्याच आठवड्यात आल्गोत आपली जळाऊ लाकडं हातगाडीने रस्त्यापलीकडे तिच्या घरी नेऊ लागला. अर्धी नेली असतील. तेवढ्यात दाढेवर टोपी बसवायचा दिवस आला. हेडविगने हातातलं लाकूड हिसकावून त्याला मोटारीत कोंबलं. हातगाडी रस्त्याच्या मधोमध तशीच उभी राहिली, अर्धी भरलेली. संध्याकाळपर्यंत तिच्यावर बर्फ साचला होता.