शांघायचा राखणदार

गावदेवाला शेंदूर लावला की बोटांना दिवसभर तेलाचा वास राहतो. आज आमच्या गावी, धसईत, तोच वास आला आणि शांघायची एक जुनी बाग आठवली.

तेव्हा मी तिथं नोकरीला होतो आणि आई गावाहून मला भेटायला आली होती. बागेतलं तळं, वाकडे पूल, कशातच तिचं मन रमेना. मग एका झाडाखाली उभा केलेला, पुरुषभर उंच, भोकाभोकांचा दगड दिसला. आईनं चपला काढल्या, खाली पडलेलं फूल त्याच्या पायथ्याशी ठेवलं आणि हात जोडले. लोक बघायला लागले.

"आई, देव नाय गो तो, शोभेचा दगड हाय," मी कुजबुजलो.

"असू दे. एवढ्या मोठ्या गावाला राखणारा कोणतरी असंल ना? तू आता याच्या शिवेत राहतोस. मी सांगितलं त्याला, पोरगा माझा हाय, लक्ष ठेव."

मी हसलो होतो.

परवा माझी लेक नोकरीसाठी जर्मनीला गेली. आज शेंदराच्या बोटांनीच तिला फोन लावला. जेवण, थंडी, खोली, सगळं विचारून झालं, तरी फोन ठेववेना. शेवटी म्हटलं, "तुझ्या घराजवळ एखादी जुनी बाग हाय का गो?"