शिंपल्यातून दिलेलं वाक्य

आमच्या मोलो गावच्या चर्चमध्ये पाद्रे प्रार्थना सुरू करतात, पण तीच प्रार्थना अर्धा श्वास आधी तिसऱ्या बाकावरून ऐकू येते. दोन वर्षांपूर्वी नवे पाद्रे आले. त्यांनी महिनाभर सहन केलं आणि मग एका रविवारी दारातच मेलेसियो आजोबांना, म्हणजे गावाच्या लोलोंना, गाठलं.

"लोलो, देवाला एकदा म्हटलेलं ऐकू येतं."

"देवाला येतं हो, पाद्रे. पण तुम्ही विसरलात तर?"

पाद्रे हसले आणि तेव्हापासून तसंच चालू आहे. भाचीच्या लग्नात तर लोलोंनी कमालच केली. नवरामुलगा घाबरून गप्प उभा राहिला, तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून बारीक पण स्पष्ट आवाज आला, "हो, करतो." भाचीला आजही बाजारात कोळणी विचारतात, "काय गं, दोन नवरे ना तुला? आज कुठल्यासाठी मासे?"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. लोलोंना ही खोड एकोणीस वर्षांच्या नोकरीनं लावली. ते प्रॉम्प्टर होते.

आमच्याकडच्या सारसुएलात, म्हणजे गाण्याच्या नाटकात, नट म्हणजे कुणी पाववाला, कुणी शिंपी, कुणी भरतकाम करणारी. दर आठवड्याला नवं नाटक. पाठ करायला वेळ कुणाला होता? गाणी तेवढी बसवायची, बोलणं सगळं शिंपल्यातून यायचं. रंगमंचाच्या पुढच्या कडेला मधोमध लाकडी शिंपल्यासारखं छप्पर असे. त्याच्याखाली खड्ड्यात एक माणूस वही घेऊन बसे, त्याचं फक्त डोकं फळीच्या वर. तो वाक्य सांगे, नट ते घेई आणि लोकांना देई. प्रेक्षकांना दोन्ही आवाज ऐकू येत, पण पहिला ऐकायचा नाही अशी आमच्या गावाची रीत होती. जेवताना माशा वारतो तसा तो आवाज कानावरून वारायचा.

शिंपल्याचा नियम एकच. नट थांबला की पुढचं वाक्य द्यायचं. का थांबला ते विचारायचं नाही.

मी शाळेत शिकवते. सगळं गाव मला माएस्त्रा म्हणतं. लोलो मात्र इंदाय, म्हणजे पोरी, म्हणतात, जशी मी अजून परकर नेसून फिरते. मोतीबिंदूनं त्यांचं वाचणं बंद झालं, तेव्हापासून शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जाऊन मनिलाचा पेपर वाचून दाखवते. एकोणीस वर्षं दुसऱ्यांना वाचून दाखवलेल्या माणसाला वाचून दाखवणं सोपं नाही. "स्वल्पविराम खाल्लास," म्हणतात. आल्याचा चहा पाजतात, त्यात गूळ कमी असतो, आणि वर माझे उच्चार काढतात. माझाही स्वभाव गरीब नाही. दोनदा मी पेपर आपटून निघून आले आहे. तिसऱ्या दिवशी परत गेले, कारण घरी माझी वाट बघणारं दुसरं कुणी नाही.

गेल्या वर्षी नेनेत आली. नेनेत आमच्याच मोलोच्या शिंप्याची मुलगी, मनिलाला जाऊन सिनेमे काढायला लागली. तिला जुन्या नाटक मंडळीवर सिनेमा काढायचा होता. एकोणीसशे तेहतीस साल, एक मंडळी 'मिठागराची मुलगी' हे नाटक बसवते, त्यांची भांडणं, प्रेमं, पहिला प्रयोग, शेवटचा प्रयोग. त्या मंडळीतलं जिवंत उरलेलं एकच माणूस तिला सापडलं, आमचे लोलो.

सिनेमातली नायिका मनिलाची. तिला आमच्या भाषेतला 'मीठ' हा शब्दही धड म्हणता येईना. नेनेतनं चार दिवस डोकं फोडलं आणि मग जुनी मंडळी करत तेच केलं. लोलोंना त्या खोट्या रंगमंचावरच्या खऱ्या शिंपल्यात बसवलं आणि पोरीला सांगितलं, "तिथून जे येईल ते बोलायचं. विचार करायचा नाही."

पंच्याहत्तर वर्षांचे लोलो खड्ड्यात उतरले ते पुन्हा सत्तावीस वर्षांचे होऊन. मी डोळ्यांनी पाहिलं. वही कधीच वाळवीनं खाल्ली होती. सगळं नाटक त्यांच्या तोंडात होतं.

शूटिंग संपल्यावर ते रोज एकच विचारू लागले. "सिनेमावर काही आलं का गं पेपरात?"

"अजून लागलाच नाही, लोलो. आणि तुम्हाला एवढी घाई कसली? पडद्यावर तुमचा चेहरा दिसायचा नाही, टक्कल दिसलं तर दिसेल."

ते हसले नाहीत. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि मला रोसेंदाची गोष्ट सांगितली.

रोसेंदा 'मिठागराची मुलगी'ची नायिका. दिवसा पिन्याच्या, म्हणजे अननसाच्या धाग्याच्या, कापडावर भरतकाम करी, संध्याकाळी रंगमंचावरच्या मिठागरात उभी राही. सहा वर्षं लोलोंनी तिला वाक्यं दिली. तू मला आवडतोस, तुझ्याशिवाय माझं कसं होईल, हे सगळं आधी लोलोंच्या तोंडून निघायचं आणि मग तिच्या. ती ते बोलायची नायक झालेल्या गायकाकडे बघून, पण कान शिंपल्याकडे. प्रयोगाबाहेर दोघं हवापाण्याशिवाय काही बोलले नाहीत. मग समोरच्या नेग्रोस बेटावरच्या एका ऊसमळेवाल्यानं तिला मागणी घातली. तिच्या घरच्यांनी होकार दिला. शेवटचा प्रयोग ठरला.

शेवटच्या प्रवेशात नायिका मिठागर सोडून जाते. वाक्य असं होतं, 'मी जाते. पाऊस आला तर मिठावर झाकण घाला.' त्या दिवशी रोसेंदा त्या जागी आली आणि थांबली. पंखा उचलायच्या निमित्तानं वाकली, शिंपल्यात बघितलं आणि गप्प राहिली.

"किती वेळ?" मी विचारलं.

"पाववाल्याला खोकला येऊन गेला एवढा वेळ."

"मग?"

"मग काय? नट थांबला की पुढचं वाक्य द्यायचं. मी दिलं. मी जाते. पाऊस आला तर मिठावर झाकण घाला. तिनं ते घेतलं आणि गेली."

पडदा पडल्यावर ती शिंपल्यापाशी आली आणि म्हणाली, "मेलेसियो, तू फार चांगला प्रॉम्प्टर आहेस." हे लोलोंनी महिनाभर गावात मिरवलं. बघा, रोसेंदानं जाताना माझी तारीफ केली! मग एका सकाळी बाजारात मासे घेताना त्यांना एकदम कळलं की ती विसरून थांबली नव्हती. माशांची पिशवी तिथेच राहिली. तोवर नेग्रोसला लग्न लागून पंधरा दिवस झाले होते.

"आणि इंदाय, त्या सिनेमात मी चोरी केली."

नेनेतनं नायिकेला त्या जागी थांबायला सांगितलं होतं. पोरगी थांबली, वाकली, शिंपल्यात बघितलं. आणि लोलोंनी अठ्ठेचाळीस वर्षं उशिरा वाक्य दिलं. 'थांब. जाऊ नकोस.' पोरीला भाषा येत नव्हती. शिंपल्यातून आलं ते ती गायकाकडे बघून बोलून मोकळी झाली आणि ठरल्याप्रमाणे निघून गेली. नेनेतनं नंतर विचारलं, "लोलो, हे मूळ नाटकात आहे?" लोलो म्हणाले, "वहीत आहे." वाळवीला कोण विचारणार?

"ते वाक्य सिनेमात ठेवलंय की कापलंय, एवढंच मला कळायला हवं," ते म्हणाले. "नेग्रोसलाही सिनेमे लागतात."

मी पेला पुढे केला. "गूळ घाला हो जरा यात," म्हटलं.

सिनेमा मनिलाला लागला. आमच्याकडे यायला अजून दोन महिने होते. पण परीक्षणं बोटीनं आधी येतात.

पहिलं परीक्षण एका साप्ताहिकात आलं. दिवे छान, कपडे छान, नायिकेचे डोळे फारच छान. मग हे वाक्य आलं आणि माझा आवाजच चढला. "विस्मृतीत गेलेल्या त्या नाटककाराच्या लेखणीतलं सर्वात थोर वाक्य म्हणजे 'थांब. जाऊ नकोस.' दुसऱ्याला थांब म्हणत स्वतःच निघून जाणारी ही नायिका म्हणजे परकीय सत्तेखालच्या आपल्या देशाचीच दुभंगलेली अवस्था होय."

"म्हणजे ठेवलंय," लोलो म्हणाले.

"ठेवलंय! आणि तुमच्या वाक्यात देश सापडलाय त्यांना."

"देश राहू दे. पुन्हा वाच. फक्त वाक्य."

मी सात वेळा वाचलं. प्रत्येक वेळी ते माझ्या अर्धा श्वास आधी म्हणत होते.

दुसरं परीक्षण एका मोठ्या दैनिकात तीन रकाने. लिहिणारा असा, की उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर यानंच. अभिनय त्याला बरा वाटला, पण शेवटी म्हणतो, 'ध्वनिमुद्रण अक्षम्य आहे. प्रत्येक संवादाआधी कुणा म्हाताऱ्याचं पुटपुटणं ऐकू येतं. प्रोजेक्टरच्या खोलीत कुणी झोपेत बडबडत असावं. नायिकेचा सर्वोत्तम क्षण या बडबडीनं पार नासला आहे.'

माझं रक्त उकळलं. आणि मी ते वाचलं नाही. अभिनयावरून थेट शेवटच्या ओळीवर उडी मारली. ज्याची सगळी कला आवाज न ऐकू येण्याची, त्याला कुणी सांगायचं की बाबा, तूच तेवढा ऐकू आलास?

"एवढंच?" लोलो म्हणाले. "तीन रकाने म्हणालीस. दोनच झाले."

"जाहिराती होत्या मधे."

त्यांनी पेला तोंडाला लावला. मला लबाडी पचली असं वाटलं.

तीन आठवड्यांनी त्याच दैनिकात वाचकांच्या पत्रांत एक पत्र आलं. मी नेहमीप्रमाणे पान उलटून वाचायला लागले आणि दुसऱ्या ओळीला माझी जीभ अडकली.

"थांबलीस का?" लोलोंनी विचारलं.

"लोलो, आधी मला एक कबूल करायचंय." मी ते सगळं सांगितलं, म्हातारा, बडबड, नासलेला क्षण. मान वर करायची हिंमत होत नव्हती.

"शिंपल्यात ओळ गाळत नाहीत, इंदाय," ते हळूच म्हणाले. "आपल्याला आवडली नाही तरी. हं, आता वाच."

मी वाचलं.

'संपादक महाशय, आपल्या परीक्षकांनी ज्याला ध्वनिमुद्रणाचा दोष म्हटलं आहे तो दोष नाही. तो प्रॉम्प्टरचा आवाज आहे. आमच्या काळी सगळं नाटक त्या आवाजावर चाले. मी स्वतः सहा वर्षं त्या आवाजावर काम केलं आहे, म्हणून मुलाकडे मनिलाला गेले असताना सिनेमा पाहिला आणि डोळे मिटून नुसता ऐकला. दुसऱ्या एका परीक्षकांनी ज्या वाक्याची स्तुती केली आहे त्याबद्दलही खुलासा करते. ते वाक्य नाटकात नाही. त्या जागी नायिका म्हणते, मी जाते. मला पक्कं आठवतं, कारण मी त्या जागी बराच वेळ थांबले होते. रोसेंदा, कै. तेओफिलो आर्बोलेदा यांची पत्नी. बाकोलोद, नेग्रोस.'

खाली बारीक अक्षरात संपादकांची टीप होती की आमचे परीक्षक आपल्या मतावर ठाम आहेत. ओळ गाळायची नाही म्हणून मी तीही वाचली.

लोलो दाराकडे तोंड करून बसले होते. बाहेर तांदळाचे वाफवलेले पुतो विकणारी पुतोवाली ओरडत गेली, तिच्या मागून कुत्रं गेलं. मी वही काढली, पेन काढलं.

"पत्र लिहू या, लोलो. तुम्ही सांगा, मी लिहिते."

त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज नाही. जगातल्या प्रत्येक अडलेल्या माणसाला ज्यानं वाक्य दिलं, पाद्रेला दिलं, नवऱ्यामुलाला दिलं, त्याच्याकडे आज एक वाक्य नव्हतं. माझ्या ओठांवर होतं. चांगलं होतं. शाळेत मूल फळ्यापाशी अडलं की मी हेच करते, पहिला शब्द सुचवते.

मी तो गिळला. थांबणं म्हणजे विसरणं नव्हे, एवढं मी या घरात शिकले होते. पुतोवाली गल्लीच्या टोकाला जाऊन परत आली तरी मी गप्प बसले. मला रडू येत होतं तेही येऊ दिलं.

"लिहू नकोस," शेवटी लोलो म्हणाले. "बाकोलोदची बोट किती वाजता असते?"

"सकाळी आठला. मी येते बरोबर. तुम्हाला दिसत नाही."

"ये. हात धर, शिडी चढव, तिच्या दारापर्यंत ने." ते उठून खुंटीवरचा पांढरा बारोंग, सणासुदीचा सदरा, चाचपू लागले. "पण इंदाय, दार उघडल्यावर मी गप्प राहिलो तर मला वाक्य देऊ नकोस."