सरकत्या पडद्यावरची खूण

सत्तेचाळीस वर्षांची ती प्रोग्रॅमर कार्यालयात सर्वांची ताई होती. सोबतचे बहुतेक जण पंचविशीच्या आसपासचे. एका रुग्णालयाचे मोबाइल ॲप तिच्याकडे आले. औषध दिल्यावर परिचारिका त्या रुग्णाच्या पडद्यावर ‘दिले’ अशी खूण करीत, मग यादीत परतून पुढचे नाव शोधीत. ताईने हा फेरा वाचवला. बोट डावीकडे सरकवले की पुढच्या खाटेवरचा रुग्ण समोर येई. रोजचा पाऊण तास वाचला म्हणून परिचारिकांनी तिला दुवा दिला.

तिसऱ्या महिन्यात तक्रार आली. बारा नंबरच्या खाटेवरच्या वृद्ध गृहस्थांना हृदयविकाराची गोळी मिळाली नव्हती. ॲपमध्ये मात्र ती दिल्याची खूण होती. संध्याकाळी त्यांना धाप लागली. ते वाचले. कार्यालयातल्या नोंदीत त्या खुणेपुढे ज्या परिचारिकेचे नाव होते, तिला चौकशी होईपर्यंत घरी बसवले गेले. तिची नोकरी एकोणीस वर्षांची होती.

“आपल्या ॲपमध्ये दोष नाही, एवढी एक ओळ लिहून द्या,” साहेब ताईला म्हणाले. “खूण त्या बाईंच्या अंगठ्याची आहे, आपली नाही.”

“बघून लिहिते.”

“बघायचं काय त्यात? उगाच शुक्लकाष्ठ मागे लावून घेऊ नका.”

ताईने वॉर्डातला जुना फोन मागून आणला आणि घरी जेवणाच्या टेबलावर बोट सरकवीत बसली. सासूबाई समोर लसूण सोलत होत्या.

“काय गं, फोनला गुदगुल्या करतेस?”

“हसतोय का बघतेय.”

“आणि हसला तर?”

“तर माझी नोकरी जाईल बहुतेक.”

“मग ये लसूण सोलायला. इथे पगार नाही, पण चौकशीही नाही.”

ताईच्या स्वतःच्या नव्या फोनवर पडदा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बदलत असे. या फोनवर त्याला जवळजवळ दोन सेकंद लागत. तेवढा वेळ वर नाव आधीच्याच रुग्णाचे राही, खालचे बटण मात्र पुढच्याचे झालेले असे. परिचारिकेने अकरा नंबरची खूण केली, बोट सरकवले. वर नाव अकराचेच, पण खूण दिसेना. खूण उमटलीच नाही असे वाटून तिने पुन्हा बटण दाबले. पडदा स्थिरावला तेव्हा बारा नंबरपुढे ‘दिले’ होते. वॉर्डात दोघीजणी दोन टोकांकडून औषधे देत येत. दुसरीने आधीच दिले असणार, असे समजून ती पुढे गेली.

यंत्र चुकले की दोष त्याच्या अखेरच्या टोकाशी असलेल्या हातावर येतो, कारण नोंद त्याच हाताची होते. पडदा रचणारे हात नोंदीत नसतात. ताईने सापडले ते सगळे लिहून काढले आणि शेवटी एक ओळ घातली: ‘जुन्या फोनवर मी चाचणी घेतली नव्हती.’

साहेबांनी कागद परत सरकवला. “‘मी’ कशाला? ‘आम्ही’ लिहा. गर्दीत कोणी सापडत नाही.”

“त्या बाई एकट्याच घरी बसल्यात, साहेब.”

कागद तसाच रुग्णालयाकडे गेला. आठवड्याने परिचारिका कामावर परतली. ताईकडून हे काम काढून घ्यायचे ठरले. दुरुस्ती तेवढी तिने करायची होती. तिने सरकवणे एकाच रुग्णाच्या पडद्यांपुरते ठेवले. पुढच्या रुग्णाकडे जायचे तर पुन्हा यादी उघडणे भाग होते. हे दाखवायला ती वॉर्डात गेली.

“म्हणजे परत यादी?” परिचारिका म्हणाली. “आमचा पाऊण तास गेला की हो.”

“गेला.”

“माझ्यासाठी लिहिलंत ते ऐकलं. बरं केलंत. पण फोन आधीच मागून नेला असता, तर माझी आई काळजीने आठ दिवस उपाशी झोपली नसती.”

परिचारिकेने यादी उघडली, पुढचे नाव वाचले आणि त्या नावाने रुग्णाला हाक मारली.